पाऊण तास गप्प, मग थेट वरचा स्वर

बेथोव्हनची नववी सिम्फनी बसवायची म्हटलं की सगळे ऑर्केस्ट्राच्या मागे लागतात. कुठे किती व्हायोलिन, चौथा हॉर्न कोण वाजवणार, कॉन्ट्राबसून हे खर्जातलं फुंकवाद्य मिळेल का. हे प्रश्न खरेच आहेत, पण कार्यक्रम पडतो तो बहुतेक वेळा गाणाऱ्यांच्या बाजूने. सत्तर मिनिटांच्या आसपासच्या या रचनेत कॉयर, म्हणजे समूहगायक, आणि चार पाहुणे एकलगायक चारांपैकी पहिले तीन भाग, म्हणजे साधारण पाऊण तास, तोंड उघडत नाहीत. चौथा भाग सुरू झाल्यावरही पाच-सहा मिनिटं वाद्यंच बोलतात. मग बास, म्हणजे सर्वात खालच्या आवाजाचा पुरुष गायक, थंड गळ्याने एकटा उभा राहतो आणि पहिल्याच वाक्यात त्याला आपल्या पट्टीच्या मानाने बरंच वर जावं लागतं.

म्हणून पहिला निर्णय पाहुण्यांना मंचावर कधी आणायचं, हा. ऑर्केस्ट्राबरोबर सुरुवातीलाच आणलं तर देखावा छान, गळा गार. तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या मधे आणलं तर गळा तापलेला, पण तिसऱ्याचा संथ शेवट आणि चौथ्याचा आरडाओरडा यांतला धक्का वाया जातो. पुष्कळ कंडक्टर तिथे क्षणभरही थांबत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. उरतो तिसरा पर्याय. दुसरा भाग संपला की ऑर्केस्ट्राने पुन्हा सूर जुळवायचे आणि त्याच वेळी गायकांनी यायचं. तोवर त्यांना आतल्या खोलीत गळा तापवायला अर्धा तास मिळतो, आणि मंचावर वाट पाहण्याचा वेळ वीस मिनिटांवर येतो. धोका एकच, टाळ्यांचा. गायकांनी वाकून नमस्कार करायचा नाही, सभागृहातले दिवे वाढवायचे नाहीत, थेट जागेवर जाऊन बसायचं. तरी चार टाळ्या पडतातच, पडू द्याव्यात.

पुन्हा सूर जुळवण्याला दुसरंही कारण आहे. दिवे आणि श्वासाच्या उबेने फुंकवाद्यांचा सूर अर्ध्या तासात वर सरकलेला असतो, तारांचा खाली. मुंबईत तर बाहेरची दमट हवा आणि आतला एसी यांच्या ओढाताणीत लाकडी वाद्यं आधीच बिथरलेली असतात. नरीमन पॉइंटच्या जमशेद भाभा थिएटरसारख्या सभागृहात वादकांना पेटीतून वाद्यं काढून तासभर आधी मंचावर ठेवायला सांगावं.

पूर्वार्धात काय वाजवायचं यावर हमखास सुचवली जाते ती बेथोव्हनचीच कोरल फँटसी, ओपस (रचना क्रमांक) 80, पियानो, ऑर्केस्ट्रा आणि कॉयरसाठीची. कॉयर आहेच, गायक आहेतच, मग वापरा. हिशेब वाटतो तितका सोपा नाही. तिला चार नव्हे, सहा एकलगायक लागतात, शिवाय पियानो मांडायचा आणि मध्यंतरात हलवायचा. कॉयर तर अखेरच्या काही मिनिटांतच गातं. त्या गाण्याने गळा तापतो म्हणावं तर मध्यंतर आणि वर पाऊण तास, सगळं पुन्हा गार. एकटी नववी, मध्यंतराशिवाय, हेच उत्तम. उशिरा येणाऱ्यांना पहिल्या भागानंतर आत सोडावं.

पाहुणे बसणार कुठे? कंडक्टरच्या दोन्ही हातांना दोन-दोन बसवायची पद्धत फोटोसाठी ठीक आहे. शेवटाकडे चौघांचा एक संथ, गुंतलेला तुकडा येतो, बी मेजर या पट्टीत, सोप्रानो (चौघांतली सर्वात वरच्या आवाजाची गायिका) वरच्या बी या स्वरापर्यंत. पेटीवर सांगायचं तर तार सप्तकातली पांढरी सात. तिथे मधे कंडक्टर आणि पाच-सहा फुटांचं अंतर असेल तर चौघं एकमेकांना ऐकूच शकत नाहीत, आणि तुकडा हमखास सुटतो. चौघांना एका बाजूला सलग बसवा, किंवा वुडविंडच्या (बासरी-क्लॅरिनेटसारख्या फुंकवाद्यांच्या) मागे कॉयरसमोर. मागे बसवलं तर मेझो, म्हणजे चौघांतली खालच्या आवाजाची गायिका, जवळजवळ दिसेनाशी होते. तशीही तिच्या वाट्याला स्वतंत्र अशी एक ओळ नाही. मानधन मात्र तेवढंच, असो.

कॉयर सुरुवातीपासून बसलेलं असावं. उभं कधी राहायचं? चौथ्या भागाच्या आरंभीचा तो कर्कश गोंगाट बासच्या प्रवेशाआधी पुन्हा एकदा येतो, मोजके बार (स्वरलिपीतली तालाची घरं). त्या आवाजाखाली शंभर खुर्च्यांची करकर बुडते. बास गायकानेही तेव्हाच उठावं. हा क्षण चुकला तर कॉयरच्या बासना त्याच्या ‘फ्रॉइडे’ (जर्मनमध्ये ‘आनंद’) या हाकेला उत्तर द्यायला धडपडत उठावं लागतं.

शंभर आवाजांत तीस सोप्रानो आणि अठ्ठावीस आल्टो (बायकांचे वरचे आणि खालचे आवाज), अठरा टेनर आणि चोवीस बास (पुरुषांचे वरचे आणि खालचे), एवढं जमलं तर नशीब समजा. टेनर सगळीकडेच कमी. 1 जून 1918 रोजी जपानमधल्या बांदो छावणीत जर्मन युद्धकैद्यांनी ही सिम्फनी केली तेव्हा सगळेच पुरुष होते, बायकांच्या ओळी पुरुषांच्या गळ्याला बेतून घेतल्या होत्या. अडचण आपल्या अगदी उलट!

आवाज फुटतात ते दुहेरी फ्यूगमध्ये, म्हणजे दोन सुरावटी वेगवेगळ्या आवाजांत एकमेकींमागे धावतात त्या तुकड्यात. सोप्रानो वरच्या ए वर, पांढऱ्या सहावर, कित्येक बार टांगलेल्या राहतात. तो स्वर एका दमात कोणीच धरू शकत नाही आणि धरायचा प्रयत्न केला की सगळ्या एकाच ठिकाणी श्वास घेतात, भिंतीला भगदाड पडतं. प्रत्येकीचा श्वास कुठे, ते स्वरलिपीवर पेन्सिलने लिहून द्या. शेजारणींचे श्वास वेगवेगळ्या बारांत. परत आत येताना स्वरावर आघात नको, हळूच मिसळायचं. तालमीत हा भाग खालच्या सप्तकात, निम्म्या वेगाने करावा. पूर्ण आवाजात एका तालमीत दोनदा, बस्स. त्याहून जास्त केलं की कार्यक्रमाच्या दिवशी घसे बसलेले.

जर्मन उच्चारांत आपल्याला एक फायदा फुकट मिळतो. ‘झेल्ट’ लिहिल्यासारखं दिसणारं ते ‘चाक’मधल्या दंत्य च ने सुरू होतं. ‘ब्र्यूडर’साठी ‘ई’ म्हणत ओठ गोल करायचे. शब्दाअखेरचा ड हा ट होतो. व्यंजन तालाच्या किंचित आधी, स्वर तालावर. नाहीतर अख्खं कॉयर अर्धा मात्रा मागे पडतं.

आठवड्याला एक तालीम धरली तर दहा-बारा आठवडे लागतात. पाहुणे शेवटच्या दोन-तीन दिवसांत येतात. त्यांची कंडक्टरबरोबर पियानोवर एक बैठक, मग ऑर्केस्ट्राबरोबर दोन तालमी. त्यात ते अर्ध्या आवाजात गातील, रागावू नका.

पाहुणे यायच्या आधी एक काम उरकून घ्या: सगळ्यांची स्वरलिपी एकाच आवृत्तीची आहे ना ते तपासा. ऑर्केस्ट्राकडे बेरेनरायटर प्रकाशनाची 1996 ची आवृत्ती आणि कॉयरच्या हातात जुनी छापील प्रत असेल तर खुणांची अक्षरं आणि बारांचे आकडे जुळतीलच असं नाही, आणि ‘एम पासून पुन्हा’ म्हटलं की अर्धे एकीकडे, अर्धे दुसरीकडे. मिश्र प्रती टाळता येत नसतील तर कॉयरच्या प्रतींवर नवे आकडे पहिल्याच तालमीत लिहून घ्यावेत.