घरच्यांनाच अडवणारा पहारेकरी

फायरवॉलबद्दल, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्याला अडवणाऱ्या पहारेकऱ्याबद्दल, प्रेमाने बोलणारा माणूस मला आयटीत अजून भेटायचाय. काहीही अडलं की शेजारच्या खुर्चीवरून पहिला सल्ला येतो, "आधी फायरवॉल बंद करून बघ." गंमत म्हणजे केथ्रीएसची अधिकृत कागदपत्रंही जवळपास तेच सांगतात: उबंटू लिनक्सवर यूएफडब्ल्यू ही तिथली फायरवॉल बंद ठेवलेलीच बरी. ठेवायचीच हौस असेल तर हे घ्या नियम.

मला ती हौस आहे. केथ्रीएस म्हणजे कुबरनेटीसची, सर्व्हरांवर प्रोग्राम चालवून सांभाळणाऱ्या प्रणालीची, हलकी आवृत्ती. शंभर एमबीच्या आतली एक फाइल, रास्पबेरी पायवरही चालते. पण भाड्याचा सर्व्हर उघड्या इंटरनेटवर असतो. तिथे दार सताड टाकून झोप कशी लागावी?

म्हणून आधी एसएसएचचं (दुरून सर्व्हरवर शिरायच्या वाटेचं) २२ नंबरचं पोर्ट उघडायचं, मगच फायरवॉल चालू करायची. हा क्रम उलटला की आपणच बाहेर. मग कुबरनेटीसला हुकूम द्यायच्या एपीआयसाठी ६४४३. तेही सगळ्या जगाला नको, आपल्या पत्त्यापुरतं. इथवर सगळं शहाण्यासारखं चालतं. आणि मग नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएसचा पॉड (कुबरनेटीसमधलं प्रोग्राम चालवायचं खोकं) 'रेडी' व्हायलाच तयार नसतो. लॉगमध्ये एकच रडगाणं: १०.४३.०.१ (एपीआयचा आतला पत्ता), पोर्ट ४४३, टाइमआउट.

सोसायटीचा नवा वॉचमन पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरीच्या सासूबाईंना रजिस्टरवर सही करायला लावतो ना, तसलाच प्रकार. पॉड याच सर्व्हरच्या पोटात राहतात, पण त्यांचे पत्ते १०.४२ ने सुरू होतात आणि फायरवॉलच्या लेखी ते परकेच. तिला नाती कळत नाहीत, पत्ते कळतात. मग १०.४२.०.०/१६ (पॉडांचं) आणि १०.४३.०.०/१६ (आतल्या सेवांचं) ही दोन्ही घराणी आपलीच आहेत, असं तिला लिहून द्यावं लागतं. दोन ओळींचं काम. डीएनएस लगेच उठून बसतो.

पण मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. घरच्यांना अडवणारी ही बाई नोडपोर्टने, म्हणजे एखादी सेवा बाहेर दाखवायला कुबरनेटीसने सर्व्हरवर उघडलेल्या पोर्टने, आलेल्या पाहुण्याकडे मान वर करूनही बघत नाही. ३०००० ते ३२७६७ मधल्या पोर्टवर आलेल्या पॅकेटचा पत्ता कुबरनेटीसने लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये (पॅकेटची वाट ठरवणाऱ्या यंत्रणेत) घातलेले नियम आधीच बदलून टाकतात. ते थेट पॉडकडे वळतं आणि यूएफडब्ल्यूचे 'आत येणाऱ्यांचे' नियम त्याला लागूच होत नाहीत. स्टेटस विचारलं तर यादीत त्या पोर्टचं नावही नसतं, आणि बाहेर सेवा राजरोस चालू!

एकाहून जास्त सर्व्हर (कुबरनेटीसच्या भाषेत नोड, सगळे मिळून क्लस्टर) असतील तर त्यांच्या आपसातल्या रहदारीसाठी यूडीपी ८४७२ हे पोर्ट लागतं. ते मात्र नोडांच्या आपसातच ठेवावं; जगाला उघडलं तर क्लस्टरचं आतलं नेटवर्कच कुणाच्याही हाती जाईल.

तेव्हा स्टेटसच्या यादीवर भिस्त ठेवू नये. मी फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडतो आणि बाहेरून एनमॅप हे उघडी पोर्टं शोधणारं साधन चालवतो. जे उघडं दिसेल ते उघडं.