एक्सरेमधली फट आणि माझं माकडहाड

गेल्या महिन्यात जिन्यावरून घसरले आणि थेट बुडावर आपटले, हसायला सगळे होते पण बसता येत नव्हतं ते फक्त मला. कंबरेच्या खालच्या भागाचा एक्सरे काढला आणि रिपोर्ट यायच्या आधीच तो खिडकीला धरून बघितला (बघू नये, पण बघतोच ना आपण), तर पुढे खाली अगदी मधोमध उभी काळी फट! म्हटलं झालं, मोडलं हाड.

डॉक्टर हसले. म्हणाले अहो ती फट सगळ्यांनाच असते, तिथे कूर्चा असते आणि कूर्चा एक्सरेत दिसत नाही. साधारण ४-५ मिलिमीटरची असते, गरोदरपणात हार्मोन्समुळे तिथले लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारे पट्टे, सैल पडतात तेव्हा अजून थोडी रुंदावते.

मी आपलं इतकी वर्षं पेल्विस (कंबरेखालचा हाडांचा सांगाडा) म्हणजे एक मोठं हाड समजत होते. ते कडं आहे. दोन बाजूंना दोन कंबरेची हाडं, ती पुढे त्या फटीपाशी भेटतात, मागे पाचरीसारखं घुसलेलं त्रिकास्थी आणि त्याच्या टोकाला माकडहाड. बाजूचं प्रत्येक हाडसुद्धा लहानपणी ३ वेगळे तुकडे असतात, ते खुब्याच्या वाटीत एकमेकांना भेटतात आणि वयात येताना तिथेच जुळून एक होतात. त्रिकास्थी तर ५ मणके जुळून झालेलं. आणि कडं असल्यामुळे ते जोरात मोडलं की बहुतेक वेळा दोन ठिकाणी मोडतं, बांगडी एकाच जागी मोडायला जमत नाही तसं.

काम काय, तर वरचं सगळं वजन मणक्यातून त्रिकास्थीवर येतं, तिथून दोन्हीकडे वाटलं जातं आणि खुब्यातून मांड्यांत उतरतं. हे उभं असताना. बसलो की वजन पायात जातच नाही, खालच्या दोन उंचवट्यांवर येतं. कडक खुर्चीवर बसून हाताचे तळवे बुडाखाली घाला आणि जरा पुढेमागे डोला, दोन टणक गाठी टोचतील, आपण बसतो ते त्यांच्यावर. माकडहाडावर बसायचंच नसतं मुळात, पण मी सोफ्यात पाठ सोडून रेलून बसणारी, रेललं की भार मागे सरकतो आणि माकडहाडावर येतो, म्हणून पुढे वाकलं की मला बरं वाटायचं ते का हे आता कळलं.

पण मला सगळ्यात जास्त वैताग आला तो बसताना नाही, उठताना. आणि संडासला जोर लावताना, लिहायला लाज वाटतेय पण ज्यांना झालंय त्यांना कळेल. कारण त्या एवढ्याशा हाडाला नितंबाचा मोठा स्नायू चिकटलेला असतो, शिवाय पेल्विसच्या तळाला स्नायूंची जी झोळी असते, मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय सांभाळणारी, तिचं मागचं टोकही तिथेच. शेपटीचा उरलेला तुकडा, काही कामाचा नाही असं शाळेत ऐकलं होतं, आणि इथे तो सगळ्यांचा खुंटा निघाला.

फ्रॅक्चर नव्हतं, नुसता मुका मार. मागच्या बाजूला खाच असलेली उशी घेतलीय, तिच्यावर बसूनच हे टाईप करतेय, आता उठायचंय म्हणून आधी टेबल धरते.