इवल्या चिऱ्यांच्या दरजांना रंग देताना

बाहुलीघर करायला घेतलं तेव्हा एवढंच पक्कं होतं, की घर आपल्याकडचं हवं. जांभ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, पुढे खळं, म्हणजे अंगण. मी वेंगुर्ल्याची, त्यामुळे बघायला नमुने दारातच. एकास बाराचं प्रमाण धरलं, म्हणजे खरा एक फूट इथे एक इंच. सव्वा फुटी चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, सव्वा इंचाचा होतो आणि दोन चिऱ्यांमधली अर्ध्या इंचाची सांध, म्हणजे दरज, जेमतेम एक मिलिमीटर उरते.

चिरे हवेत सुकणाऱ्या मातीचे केले. ओले असतानाच सुईने आणि जुन्या टूथब्रशने टोचून जांभ्याची भोकं काढली. या कामात हात रमतो. खरं कसब लागलं ते दरजा भरताना. चिरे कितीही हुबेहूब झाले तरी मधला रंग चुकला की भिंत खोटी दिसते. म्हणून आधी गावातल्या भिंती बघत फिरले. गडग्याचा उपयोग नव्हता, त्यात दगडांवर दगड नुसते रचलेले असतात. मातीत बांधलेल्या भिंतीची दरज तांबूस तपकिरी, सिमेंटची करडी. जुन्या चुन्याची मात्र पांढरीही नाही आणि पिवळीही नाही, मळक्या सायीसारखी. मला तीच हवी होती.

ग्राउट, म्हणजे दरजा भरायचं सिमेंटचं मिश्रण, घेतलं ते बिनवाळूचं, पांढरं. वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण या प्रमाणात सहा मिलिमीटरची खडी वाटतो. रंगासाठी पिवडी, चिमूटभर काव आणि अगदी नखाएवढा काळा ऑक्साइड. पिवडी आणि काव दोन्ही लोहयुक्त मातीचे रंग आणि जांभ्याचा लालपणाही लोहाचाच, त्यामुळे दगड आणि दरज एका घरातली वाटतात. शिवाय हे रंग सिमेंटच्या क्षारात टिकतात. कुणी हळद सुचवली होती, पण हळद चुन्यात गेली की तिचं कुंकू होतं, हे आपल्याला घरातूनच ठाऊक असतं. रंगाची पूड ग्राउटच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आतच ठेवायची. जास्त झाली तर दरज भुसभुशीत होते आणि रंग बोटाला लागतो. मला तर त्याच्या निम्म्यानेही पुरलं. छोट्या डिजिटल काट्यावर सगळं कोरडंच तोलून, चाळून एकजीव केलं, पाणी नंतर.

ओल्या ग्राउटचा रंग फसवा असतो. ओलं असताना गडद, सुकलं की बराच फिका. शेजारचे गवंडीकाका डोकावले आणि एवढंच म्हणाले, "आधी सुकांदे, मगे रंग बघ." म्हणून पुठ्ठ्यावर चिरे चिकटवून नमुने केले, मागे प्रमाण लिहिलं आणि पूर्ण सुकल्यावर दिवसाच्या उजेडात खऱ्या भिंतीला लावून पाहिले. ट्यूबलाइटखाली सगळेच नमुने बरे दिसतात. पावसाळ्यात इथे एका रात्रीत काही सुकत नाही, थांबावं लागतं. हेअर ड्रायर मारण्याचा मोह टाळावा, घाईने सुकवलं तर बारीक भेगा पडतात.

भरण्याआधी चिऱ्यांना मॅट वार्निशचे दोन पातळ हात दिले. कच्ची माती ग्राउटचं पाणी पिते आणि चिऱ्यावर पांढुरका थर बसतो, तो मग निघत नाही. मिश्रण घट्टच ठेवलं, थालिपिठाच्या पिठाइतकं. पाणी जास्त झालं की सुकताना त्याच्याबरोबर चुना वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळतो आणि दरजांवर पांढरी पूड धरते. बोटाने दाबून भरलं, थोडं आवळल्यावर जवळजवळ कोरड्या स्पंजाने पुसलं. स्पंज ओला असेल तर दरजेतला रंग धुऊन जातो आणि भिंत ठिगळं लावल्यासारखी दिसते. भोकांत अडकलेलं ग्राउट कोरड्या टूथब्रशने अलगद काढलं. हे करताना घाई नको, कारण जांभ्याचं सगळं रूप त्या भोकांत आहे.

शेवटी पावसाची खूण. पातळ ॲक्रिलिकमध्ये काळा आणि थोडा हिरवा मिसळून जोत्यालगतच्या दरजांत ओढला, पागोळ्या पडून चिखल उडतो तिथे. नैर्ऋत्येच्या भिंतीला जास्त, कारण आपला पाऊस तिकडूनच झोडपतो. पडवीच्या आतल्या भिंतीला काहीच नाही, तिथे शेवाळ धरत नाही.

उरलेलं कोरडं मिश्रण प्रमाण लिहून बरणीत घट्ट बंद केलंय, कारण नंतर तोच रंग पुन्हा जुळवणं फार अवघड. तुळशीवृंदावन अजून व्हायचंय. त्याच्या दरजा मात्र सिमेंटच्या करड्याच ठेवणार आहे. आमच्या वाडीत जुन्या घरांपुढची बरीचशी वृंदावनं मागाहून नव्याने बांधलेली आहेत.