पाकिटातले शास्त्रज्ञ

नोटेवरच्या माणसाकडे कुणी बघत नाही. नजर कोपऱ्यातल्या आकड्याकडे जाते, शंका आली तर नोट उजेडात धरली जाते, आणि मधोमध बसलेला तो गृहस्थ घडीवर घडी सोसत मुकाट या हातातून त्या हातात जातो. माझं उलट आहे. परदेशातून आलेलं कुणी भेटलं, की मी त्यांच्याकडे उरलेल्या नोटा बघायला मागतो. किंमत कळत नाही, चेहरे कळतात. राजे, राण्या आणि सेनापतींच्या गर्दीत एखादा शास्त्रज्ञ निघाला, तर खच्चून भरलेल्या गाडीत आपल्या माणसाला खिडकीची जागा मिळाल्यासारखं वाटतं.

न्यूटनचा तर त्या जागेवर दुहेरी हक्क. सफरचंदाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण या माणसाने आयुष्याची शेवटची तीस वर्षं लंडनच्या टांकसाळीच्या कारभारात घालवली, हे फारसं सांगितलं जात नाही. १६९६ साली तो तिथे अधिकारी म्हणून गेला आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या हात धुऊन मागे लागला. जबान्या स्वतः घेतल्या, पुरावे गोळा केले आणि विल्यम चॅलोनर नावाच्या बिलंदर ठगाला १६९९ मध्ये फासापर्यंत नेलं. पुढे १९७८ साली बँक ऑफ इंग्लंडने त्याला एक पौंडाच्या नोटेवर बसवलं. ती नोट बनावट छापायला बसलेल्याला समोरच्या चेहऱ्याचा पूर्वेतिहास ठाऊक असता, तर त्याचा हात नक्कीच थरथरला असता.

डार्विन दहा पौंडांच्या नोटेवर आला. त्याच्या निवडीमागे उत्क्रांतीइतकीच दाढीही होती म्हणतात. इतके बारीक केस हुबेहूब नक्कल करणं अवघड. जर्मनीच्या दहा मार्कांच्या नोटेवर गणितज्ञ गाउस होता आणि शेजारी घंटेच्या आकाराचा तो प्रसिद्ध आलेख, सूत्रासकट. शाळेत गणिताला घाबरून पळालेली किती माणसं ते सूत्र खिशात घालून वर्षानुवर्षं निर्धास्त हिंडली असतील!

गंमत अशी, की नोट म्हणजे शेवटी कागदच. त्यावर लोकांचा भरवसा बसावा म्हणून भरवशाचा चेहरा लागतो. राजे गेले, पुढाऱ्यांवरून भांडणं होतात. शास्त्रज्ञ सोयीचा. त्याच्यावरून सहसा कुणी रस्त्यावर उतरत नाही. अर्थात तो मेल्यानंतर.

जिवंतपणीचे हिशेब काढायला बसलं तर वेगळंच निघतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणाऱ्या गॅलिलिओला चर्चने १६३३ मध्ये गुडघ्यावर बसवून आपलं म्हणणं मागे घ्यायला लावलं. १९७३ मध्ये तो इटलीच्या २००० लिरांच्या नोटेवर आला. त्याच्या बाबतीत चूक झाली हे पोपनी जाहीरपणे मान्य केलं १९९२ मध्ये, म्हणजे बँक चर्चच्या पुढे निघाली. मारी क्युरी १९११ साली फ्रेंच विज्ञान अकादमीच्या निवडणुकीत अगदी थोडक्या मतांनी पडली आणि त्याच वर्षी तिला दुसरं नोबेल मिळालं. फ्रान्सने ५०० फ्रँकच्या नोटेवर तिला नवऱ्याशेजारी जागा दिली, तोवर शतक संपत आलं होतं. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगला समलैंगिक असल्याबद्दल १९५२ मध्ये दोषी ठरवलं गेलं, औषधं टोचली गेली. दोन वर्षांत तो गेला. २०१३ मध्ये त्याला राजमाफी मिळाली आणि २०२१ मध्ये, त्याच्या वाढदिवशी, पन्नास पौंडांची नोट. या तपशिलावर विनोद करायला जीभ वळत नाही.

मला सगळ्यांत प्रिय नोट मात्र विजेवर मूलभूत शोध लावणाऱ्या मायकल फॅरडेची, वीस पौंडांची. तिच्या मागच्या बाजूला तो रॉयल इन्स्टिट्यूशन या लंडनच्या विज्ञानसंस्थेत भरलेल्या सभागृहापुढे व्याख्यान देतो आहे. हा लोहाराचा मुलगा, पोरवयात पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार. ‘सर’ ही पदवी त्याने नाकारली. आणि समाजाने त्याचं ऐकलं का, तर टाळ्या वाजवण्यापुरतं. १८५५ च्या जुलैत तो बोटीतून लंडनच्या थेम्स नदीवरून चालला होता. नदी इतकी गढूळ आणि दुर्गंधीची, की त्याने तिथल्या तिथे प्रयोग केला. पांढऱ्या कार्डाचे तुकडे ओले करून पाण्यात सोडले. इंचभर बुडायच्या आत ते दिसेनासे झाले. त्याने ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं: आत्ता दुर्लक्ष केलंत, तर एखाद्या उन्हाळ्यात भोगावं लागेल. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने त्यावर झकास व्यंगचित्र छापलं. नाक धरलेला फॅरडे चिखलातल्या थेम्सबाबाला आपलं कार्ड देतोय. लोक हसले असतील. १८५८ चा उन्हाळा आला, नदीची घाण थेट पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरली, पडदे दुर्गंधी मारणाऱ्या चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावावे लागले, आणि मग मात्र गटारांचा कायदा बघता बघता मंजूर झाला. तीन वर्षं पत्र ज्यांना पटलं नव्हतं, त्यांना वास लगेच पटला.

नोटेला शास्त्रज्ञ मानवतो याचं आणखी एक कारण मला दिसतं. नोट कधी म्हणत नाही, ‘सध्याच्या पुराव्यानुसार माझी किंमत वीस आहे, पुढे बदलू शकते.’ शास्त्रज्ञ नेमकं हेच म्हणतो, आणि आपण वैतागतो. काल एक सांगितलं, आज दुसरं. मग यांचं ऐकायचं कशाला? पुरावा बदलला म्हणून मत बदलणारा माणूस आपल्याला डळमळीत वाटतो. छापलेला चेहरा बरा. तो शब्द फिरवत नाही.

२००२ मध्ये युरो हातात आला आणि क्युरी, गाउस ही मंडळी एका झटक्यात पाकिटातून उतरली. कुठल्याच देशाला रुसायला जागा नको, म्हणून नव्या नोटांवर पूल आणि खिडक्या छापल्या, त्याही काल्पनिक. पुढे युरोपच्या मध्यवर्ती बँकेने नव्या चित्रांचा विचार सुरू केला आणि २०२५ च्या जानेवारीत दोन पर्याय पुढे ठेवले: एक संस्कृतीचा, दुसरा नद्या आणि पक्ष्यांचा. पहिल्यात वीस युरोंवर पुन्हा मारी क्युरी आहे. दुसऱ्यात त्याच नोटेवर वेडे राघू, म्हणजे मधमाश्या टिपणारे पक्षी. माझं मत अर्थातच क्युरीला, पण तिची खात्री देववत नाही. राघू दिसायला फार देखणा आहे, नदीकाठीच राहतो, आणि नदीच्या घाणीबद्दल त्याने आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही.