दूध तेच होतं

नोव्हेंबर २०२१. घरोघरी जाऊन कोरोनाची लस द्यायची 'हर घर दस्तक' मोहीम सुरू आणि कापसाची वेचणी ऐन भरात. आठच्या आत दारं गाठली नाहीत तर वस्तीवर नुसती कुलपं. मी, आमची आशाताई आणि लसीचा डबा. कोविशिल्डची कुपी एकदा उघडली की १० डोस आणि ४ तास.

आठ जणांचं झालं. नवव्या दारात एक बाई रानात निघालेलीच होती. तिचं म्हणणं साधं होतं, ताप आला तर दोन दिवसांची वेचणी बुडणार, ती कोण देणार? (यावर सरकारकडून आमच्याजवळ काय, तर पॅरासिटामॉल.) गोळ्या मुठीत धरून ती आशाताईकडे वळली, "तुम्ही घेतली का?"

माझ्या पोटात गोळा आला. आशाताईचं नाव माझ्या यादीत मे महिन्यापासून तसंच पडलं होतं. खरं सांगते, तिनं खोटं बोलावं असंच मला वाटलं.

"नाही घेतली," ती म्हणाली. "फेब्रुवारीत माझा नंबर आला तेव्हा पोरगं सहा महिन्यांचं होतं. याच सिस्टरनी परत पाठवलं. अंगावर पाजतेस, तुला चालत नाही. मे महिन्यात याच म्हणाल्या, आता चालतं, ये. दूध तेच, लस तीच. मग बदललं काय? पोरगं अंगावरून सुटलं की घेईन मी. पण हे माझं झालं. तुमचा पोरगा शाळेत जातो, तुम्ही कशाला थांबता?"

बाईनं क्षणभर विचार केला आणि डावा हात पुढे केला.

टोचल्यावर अर्धा तास थांबायचं होतं. ती आत भाकरी बांधायला गेली, आम्ही दोघी ओट्यावर. मी तडकलेच होते. म्हटलं, "अगं, आधीच्या चाचण्यांत पाजणाऱ्या बायका घेतल्याच नव्हत्या. माहिती नव्हती म्हणून थांबवलं, धोका दिसला म्हणून नाही. त्या लशीतला विषाणू शरीरात वाढतच नाही. १९ मेला स्तनदा मातांना परवानगी आली, जुलैत गरोदर बायकांनाही."

ती ऐकत होती. मग म्हणाली, "एवढंच होतं, तर फेब्रुवारीत का नाही सांगितलं? तेव्हा तुम्ही नुसतं 'चालत नाही' म्हणालात."

मला तरी कुठे कुणी सांगितलं होतं? प्रशिक्षणात एकच ओळ होती, गरोदर व स्तनदा मातांना देऊ नये. ती मी जशीच्या तशी तिच्या हातात दिली होती. तसं तिला सांगितलं. ती काही बोलली नाही.

कुपीत एक डोस उरला होता. मी डब्याकडे पाहिलं, तिनंही पाहिलं.

"पलीकडच्या आळीत एक म्हातारबाबा राहिलेत," ती उठत म्हणाली. "अर्धा तास झाला की चला लवकर, नाहीतर ते गुरं घेऊन जातील."