मेशुगाचा ‘कॅच थर्टीथ्री’ तुकड्यांत ऐकू नका

आज दुपारी मेशुगा या स्वीडिश मेटल बँडचा 2005 चा ‘कॅच थर्टीथ्री’ हा अल्बम पुन्हा पूर्ण ऐकला. 47 मिनिटांची ही एकच सलग रचना. 13 ट्रॅक फक्त खुणेपुरते. म्हणून आधी शफल आणि क्रॉसफेड (एका ट्रॅकचा शेवट पुढच्यात मिसळणारी सोय) बंद करा, नाहीतर जोड उसवतात.

फोनच्या स्पीकरवर नकोच. त्यांच्या आठ तारी गिटारची सर्वांत खालची तार साधारण 44 हर्ट्झची, ती तिथे पोचतच नाही. मग उरते ती खरखर, आणि लोक म्हणतात गोंगाट आहे!

ताल सापडत नसेल तर सिम्बल, म्हणजे ड्रमसेटमधली धातूची थाळी, धरा. तो बहुतेक वेळा चारच्या हिशोबात चालतो. गिटार आणि बास ड्रमचा तुकडा विषम लांबीचा, त्यामुळे त्याची सम दरवेळी वेगळ्या मात्रेवर पडते. आपल्याकडे एकाच शेडमध्ये दोन यंत्रमाग वेगवेगळ्या गतीने खटखटतात आणि क्षणभर एकत्र येतात ना, तसंच. ड्रम्स प्रोग्राम केलेले आहेत; तो निर्जीव काटेकोरपणाच मला इथला खरा अंधार वाटतो.

तेरा मिनिटांच्या ‘इन डेथ - इज डेथ’मधला शांत भाग मात्र पाचवर फिरणारा पंखा गिळून टाकतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद करणं अशक्य, तेव्हा कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या आणि रात्री ऐका.