लिव्हरपूलची चिनी कमान

गेल्या वर्षी आमची क्रूझ लिव्हरपूलला एक दिवस लागली, मला चार तास सुटी मिळाली. बाकीची पोरं फुटबॉल स्टेडियमकडे पळाली आणि मी नेल्सन स्ट्रीटला चिनी कमान बघायला. आम्हा फोंड्याच्या लोकांना कमानीचं काय कौतुक, जत्रा म्हटली की आधी रस्त्यावर कमान उभी राहते मग बाकीचं सगळं.

पण ही बघून तोंड उघडंच राहिलं. साडेतेरा मीटर उंच, पाच छपरं, लाल सोनेरी रंग आणि अंगभर ड्रॅगन, 200 आहेत म्हणे आणि त्यातले 12 गरोदर! मान दुखेपर्यंत पोटं शोधली, एक सापडेल तर शपथ. शांघायमध्ये बनवून सुट्या भागांत बोटीने आणली आणि 2000 साली तिकडच्याच कारागिरांनी जोडली. आमच्या जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या कमानीवर वास्को द गामा उभा आहे, पणतूने बसवलेला, म्हणजे घरचंच कौतुक. ही मात्र खलाशांच्या वस्तीची.

कारण चिनी माणसं इथे आली तीच बोटीवरून, 1860 च्या दशकात ब्लू फनेल या इथल्या जहाज कंपनीच्या बोटी चीनला जायला लागल्या तेव्हापासून. काही इथेच राहिले, इथल्या बायकांशी लग्नं केली. तारवटीच की हे, आमच्याकडे खलाशाला तारवटी म्हणतात. मुंबईत आमच्या गोंयकारांच्या कुडी, म्हणजे एकत्र राहायच्या जागा होत्या, तसंच बंदराजवळ बिऱ्हाड. दुसऱ्या महायुद्धात हे लोक ब्रिटिश मालवाहू बोटींवर जीव धोक्यात घालून राबले, पगार गोऱ्यांपेक्षा कमी, आणि युद्ध संपल्यावर 1945-46 मध्ये सरकारने त्यांना परत धाडलं, काहींना तर चक्क धरून बोटीत बसवलं. घरी बायकोला पत्ताच नाही. कितीतरी जणींना आयुष्यभर वाटलं नवरा टाकून गेला, पोरं तेच ऐकत मोठी झाली.

हे वाचलं तेव्हा मला काकीच आठवली. काका तारवटी, दोन-तीन महिने पत्र नाही आलं की ती संध्याकाळची दारात बसायची आणि कोणी काही विचारलं तर उगाच पोरांवर खेकसायची.

परत बोटीकडे येताना पिअर हेडला त्या खलाशांच्या आठवणीची पाटी दिसली, 2006 ची, कमानीपुढे अगदीच एवढीशी. कमानीपाशी सेल्फीवाल्यांची ही गर्दी होती, इथे मी एकटाच. एक फोटो काढला आणि गँगवेकडे पळालो, ड्युटीला दहाच मिनिटं उरली होती.